साबणाचा रकाना

आमच्या छापखान्याच्या मस्टरमध्ये शेवटून दुसरा रकाना साबणाचा होता. तो वडिलांनी आखला होता. छपाईच्या कामात शाई हाताला लागते, ती आधी रॉकेलनं आणि मग साबणानं काढावी लागते, म्हणून महिन्याला माणशी एक वडी मालकानं द्यावी असा त्या काळचा रिवाज. पुढे वडीऐवजी वडीचे पैसे देऊ लागले. मग कोणाच्या मुलाची फी आली, कोणाच्या खोलीचं भाडं वाढलं, आणि पगाराला हात न लावता चार पैसे जास्त देण्याची सोय म्हणून वडील ते साबणात घालू लागले. पगार वाढवला की त्यावरचा फंड वाढतो, विमा वाढतो, बोनस वाढतो. साबण वाढवला की नुसता साबण वाढतो.

दिवाळी अंकांच्या हंगामात माणसं रोज दोन-तीन तास जास्त थांबत. दिवाळी अंकाचा संपादक मजकूर वेळेवर देत नाही. तो प्रथम अग्रलेख लिहितो आणि त्यात मराठी वाचक कमी होत चालल्याची खंत व्यक्त करतो, त्यात त्याचा सप्टेंबर जातो. मग आमची माणसं थांबतात. या जादा तासांचे पैसे कायद्यानं दुप्पट दरानं द्यायचे असतात. वडिलांनी त्यावर तोडगा काढला. तासांचा हिशेब ठेवायचा नाही, हंगामाची म्हणून एक रक्कम ठरवायची आणि ती बारा महिन्यांत वाटून साबणात घालायची. कामगारांनाही ते पसंत होतं, कारण शाळा जूनमध्ये उघडते आणि जूनमध्ये कोणी दिवाळी अंक काढत नाही.

मी छापखाना हातात घेतला तेव्हा आमच्या मशिनमनचा साबण त्याच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा झाला होता. मी तो रकाना तसाच चालू ठेवला. खोटं सुवाच्य अक्षरात आणि बरीच वर्षं लिहीत राहिलं की ते परंपरेसारखं दिसू लागतं.

हा मशिनमन वडिलांच्या वेळचा. येरवड्याहून जुन्या स्कूटरवर कसब्यात यायचा, गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावून चालत आत यायचा, आणि कागदाची रिम फोडल्यावर वरच्या शंभरएक कागदांची कड अंगठ्यानं एकदा सोडून बघायचा. "आज न्हाई चालायचा हा," म्हणाला की तो कागद खरोखरच चालायचा नाही. त्याच्या बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तीन वर्षं तिचं डायलिसिस चाललं होतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. कामगार विम्याचं कार्ड होतं, आणि विम्याशी करार असलेल्या एका खाजगी हॉस्पिटलात ते कार्ड दाखवलं की पैसे पडत नसत. त्या दोन दिवशी तो दुपारी दोननंतर कामावर यायचा. मस्टरमध्ये मी त्याचा पूर्ण दिवस मांडायचो. ते खोटं मात्र माझं स्वतःचं होतं.

पगाराचं सॉफ्टवेअर आमच्याकडे आलं ते एका सत्कारातून. आमच्या छोट्या व्यावसायिकांच्या संघटनेनं कोथरूडच्या एका सभागृहात मेळावा घेतला आणि त्यात सर्वांत जुन्या पाच आस्थापनांना गौरवलं. पुण्यात शाल मिळवायला काही करावं लागत नाही, फक्त टिकावं लागतं. मी शाल पांघरून पहिल्या रांगेत बसलो होतो, पंखा बंद होता, आणि जाकीट घातलेले एक वक्ते आम्हाला सांगत होते की मालकानं पगारात अडकू नये, व्हिजनमध्ये राहावं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी किती जण महिन्यातले दोन दिवस पगार करण्यात घालवतात?" मी हात वर केला. शालीमुळे तो सगळ्यांना दिसला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या कंपनीची एक मुलगी लॅपटॉप घेऊन आमच्या गल्लीत दाखल झाली.

मी या सॉफ्टवेअरची निंदा करणार नाही. ते सांगितलेलं काम करतं, आणि हे मी आजवर भेटलेल्या फार थोड्या माणसांबद्दल म्हणू शकेन. पंधरा माणसांचे पगार, रजा, फंड, विमा, व्यवसाय कर, सगळं माझ्या दोन दिवसांऐवजी अर्ध्या तासात होऊ लागलं. चलनाची तारीख चुकणं बंद झालं. पूर्वी कोणाची किती रजा उरली यावरून दर मार्चमध्ये बाइंडिंग खात्यात भांडण व्हायचं. आता प्रत्येकाच्या मोबाइलवर आकडा दिसायचा आणि भांडायला दुसरं कारण शोधावं लागायचं. ज्याचा धंदा लहान आहे आणि ज्याला कारकून परवडत नाही, त्यानं हे जरूर घ्यावं. मी तेव्हा दोघांना तसं सांगितलंही, आणि त्यांचं बरं चाललं आहे.

ती मुलगी हुशार होती. आमचं लांबलचक मस्टर मांडीवर घेऊन एकेक रकाना संगणकात भरत होती. साबणाशी थांबली.

"सर, हा साबण म्हणजे काय?"

"साबण."

"म्हणजे रिइम्बर्समेंट? बिलं आहेत?"

"नाहीत."

तिनं मशिनमनच्या ओळीवर बोट ठेवलं. "सर, एवढ्या अमाउंटमध्ये ना, आमची अख्खी सोसायटी आंघोळ करेल."

मी हसलो. ती नाही हसली, कारण तिला रकाना भरायचा होता. "दर महिन्याला सेम आहे, म्हणजे फिक्स्ड अलाउन्स झाला. की हा ओव्हरटाइम आहे? ओव्हरटाइमचं हेड वेगळं आहे. पण मग तासांचं रजिस्टर लागेल."

तासांचं रजिस्टर आमच्याकडे नव्हतं. वडिलांच्या तोडग्याची सगळी मेख त्यातच होती.

"इतर भत्ते म्हणून घाला," मी म्हणालो. "आता खरं काय ते कागदावर येऊ दे."

हे वाक्य मी बऱ्यापैकी समाधानानं म्हटलं. इतक्या वर्षांचं खोटं एका दुपारी निस्तरतो आहे असं मला वाटत होतं. वास्तविक मी एक खोटं काढून तिथे दुसरं ठेवत होतो. ते पैसे जादा तासांचे होते, भत्ता नव्हता. पण 'साबण'पेक्षा 'इतर भत्ते' हे जास्त खरं वाटतं, एवढाच भाषेचा उपयोग.

पंधरा नावं भरून झाल्यावर पडद्यावर एका नावापुढे पिवळी पट्टी आली. तीत लिहिलं होतं की या कर्मचाऱ्याचं वेतन विमा योजनेच्या मर्यादेपेक्षा जास्त आहे, पुढील वर्गणी-काळापासून योजना लागू राहणार नाही. खाली एक चौकोन होता आणि त्यापुढे 'समजले' असा शब्द. नाव मशिनमनचं होतं. त्या सकाळपासून मी असे चाळीसेक चौकोन टिचकवले होते. हाही टिचकवला.

ऑक्टोबरच्या पगारात त्याची विम्याची कपात थांबली आणि हातात थोडे पैसे जास्त पडले. पगारचिठ्ठी मोबाइलवर आली, ती मुलाकडून वाचून घेऊन तो दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आला.

"साहेब, यंदा दिवाळीच्या आधीच वाढवलं?"

"मी नाही. त्या सॉफ्टवेअरनं हिशेब नीट केला."

"यंत्र चांगलं हाय मग," तो म्हणाला, आणि संगणकाकडे पाहून त्यानं मान तुकवली.

विम्याची रीत अशी की वर्गणी थांबली तरी आधी भरलेल्या वर्गणीवर उपचार काही महिने चालू राहतात. त्यामुळे सबंध हिवाळाभर काही झालं नाही, उन्हाळ्यातही नाही. मंगळवार-शुक्रवार तो दोननंतर येत राहिला. सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण दिवस मांडण्याची माझी सोय राहिली नव्हती, म्हणून त्याची अर्धी-अर्धी रजा पडायची, आणि संपली की बिनपगारी. मी त्याला म्हटलं, नियम आहे. तो म्हणाला, असू द्या.

जुलैतल्या एका शुक्रवारी तो अकरालाच आला. डबा स्कूटरलाच राहिला होता. मशिनकडे न जाता सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"कार्ड बंद हाय म्हणली."

"कोण म्हणालं?"

"काउंटरवरची बाई. दोनदा लावून बघितलं तिनं. म्हणली, मालकाला विचारा, तुमची वर्गणी ऑक्टोबरपासून न्हाई." त्यानं कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. "रिक्षातनं घरी सोडून आलो हिला. सुया न लावता. आजचं राहिलं."

मी संगणक उघडला. शोधायला काही वेळ लागला नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक गोष्टीची नोंद राहते: कोणती सूचना, कोणत्या दिवशी, किती वाजता, आणि ती कोणी मान्य केली. तिथे माझं नाव होतं. मी पडदा त्याच्याकडे वळवला आणि बोटानं दाखवत सगळं वाचून दाखवलं. एवढं तरी मी केलं.

"म्हणजे पगार जास्त झाला म्हणून?" त्यानं विचारलं.

"हो."

"पण पगार तर तेवढाच हाय."

"साबण त्यात धरला गेला."

त्यानं टेबलावरचं कार्ड उचलून खिशात ठेवलं. मग म्हणाला, "तुम्हाला तरी काय म्हाईत, साहेब." तो चिडला असता तर मला पुढचं सोपं गेलं असतं.

त्या दुपारी मी आमच्या करसल्लागारांकडे गेलो. ते कोथरूडला एका सोसायटीच्या तळमजल्यावर बसतात, आणि समोरच्याला मूर्ख ठरवल्याशिवाय सल्ला देत नाहीत. फी दोन्हींची मिळून असते.

"पट्टी आली होती?" त्यांनी विचारलं.

"आली होती."

"वाचलीत?"

"टिक केली."

"वा. छापखाना चालवता आणि वाचत नाही. बरंच आहे, नाहीतर धंदा होणार नाही." मग चष्मा काढून ते जरा माणसात आले. "आजपासून पगार मर्यादेत आणलात तर कार्ड परत निघेल. पण नुसतं कार्ड निघून भागणार नाही. डायलिसिससारख्या मोठ्या उपचाराला घरच्या माणसासाठी जवळजवळ वर्षाची सलग वर्गणी लागते. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबायचं."

"आणि ते पैसे ओव्हरटाइमचे आहेत असं मी लिहून दिलं तर? ओव्हरटाइम मर्यादेत धरत नाहीत ना?"

"नाही धरत."

"मग ऑक्टोबरपासूनची वर्गणी भरून घेतील?"

"घेतील कदाचित. अर्ज करा, सुनावणी होईल, मिळेलही." त्यांनी चष्मा परत चढवला. "पण अहो, लिहून काय देणार? की आम्ही वर्षानुवर्षं ओव्हरटाइम करून घेतला, दुप्पट दर दिला नाही, तासांचं रजिस्टर ठेवलं नाही, आणि ही रक्कम साबण म्हणून दाखवून तिच्यावरची वर्गणी बुडवली? आणि हे कोणाला लिहून देणार? त्यांनाच? एका माणसाचा नाही हो हा प्रश्न. पंधराच्या पंधरा जणांचं मागचं सगळं काढतील. व्याज, दंड. मशिन विकावं लागेल तुम्हाला."

"मग काय करू?"

"मी सल्लागार आहे. सल्ला दिला."

मी घरी येऊन अर्ज लिहिला. दीड पान झालं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत सरळ गद्य असावं; त्यात एकही विशेषण नव्हतं. मी तो दोनदा वाचला, सही केली, आणि सकाळी छापखान्यात नेऊन ड्रॉवरमध्ये ठेवला. सोमवारी देऊ म्हटलं. सोमवारी म्हटलं, चौदा जणांच्या चुलीचा प्रश्न आहे, घाई नको. माणूस स्वतःच्या भीतीसाठी इतरांच्या चुली किती सहज पेटवतो हे मी कादंबऱ्यांमधून बरंच वाचलं होतं. वाचल्यानं काही फरक पडत नाही.

पहिले काही आठवडे उपचाराचे पैसे मी दिले, मग निम्मे मी आणि निम्मे तो. मी किती दिले ते सांगत नाही, कारण ते पुरेसे नव्हते. ऑगस्टमध्ये एका ट्रस्टच्या केंद्रात स्वस्तात नंबर लागला, पण आठवड्यातून एकदाच. दुसरा दिवस रिकामा झाला की कळवू म्हणाले. रिकामा होणं म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही समजत होतं.

त्याच महिन्यात तो एकदा जेवणाच्या सुट्टीत आला.

"साहेब, माझा पगार कमी करा."

"आत्ता कमी करून उपयोग नाही, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत—"

"तेच. तोवर निघंल ती. आजपासून मोजायला तर लागतील."

"वरचे पैसे मी हातावर देत जाईन."

"नको," तो म्हणाला आणि संगणकाकडे पाहिलं. "आता त्याला सगळं कळतं. परत कायतरी व्हायचं."

पगार कमी करायला सॉफ्टवेअरनं कारण विचारलं. एक यादी उघडली. असमाधानकारक कामगिरी. पदावनती. शिस्तभंग. 'इतर' होतं, पण ते निवडलं की पुरावा जोडा असं यायचं. ज्या माणसाची बायको जगावी म्हणून पगार कमी करायचा आहे त्याच्यासाठी त्या यादीत जागा नव्हती, आणि ती यादी करणाऱ्याला मी दोष देऊ शकत नाही. असं कारण मलाही सुचलं नसतं. मी पदावनती निवडलं. मग त्यानं नवं पद विचारलं. मी 'मदतनीस' लिहिलं. महिनाअखेरीला त्याच्या मोबाइलवर चिठ्ठी गेली, तीत तीस वर्षांच्या मशिनमनच्या नावापुढे तसंच छापून आलं. त्याच्या मुलानं ते वाचून दाखवलं असेल.

दिवाळी अंकांचा हंगाम आला. या वेळी मी तासांचं रजिस्टर ठेवलं, जादा तास दुप्पट दरानं दिले. ओव्हरटाइमचं वेगळं हेड आहे, त्यात रक्कम घातली की मर्यादेला धक्का लागत नाही. सगळं बिनचूक झालं. हे वर्षभर आधी करता आलं असतं. त्या मुलीनं विचारलंही होतं. पण मशिनमननं जादा तास घेतले नाहीत. संध्याकाळी सहाला तो घरी जायचा, कारण बायकोला आता एकटीला उठता येत नव्हतं.

डिसेंबरात मी एकदा त्याच्या घरी गेलो. येरवड्याला चढावरच्या वस्तीत दोन खोल्या, दाराबाहेर चपला ओळीनं. ती पलंगावर उशाला टेकून बसली होती, चेहरा सुजलेला, पाय सुजलेले. हाताशी एक लहानसं स्टीलचं फुलपात्र होतं. दिवसभराचं पाणी तेवढंच. तिच्या सुनेनं मला चहा आणला. मी नको म्हणत होतो.

"घ्या की, साहेब," ती म्हणाली. "मला कुणी पिताना बघायला बरं वाटतं."

मी तो चहा प्यायलो. ती बघत होती. मग तिनं विचारलं, "कार्डाचं काय झालं का?"

"उन्हाळ्यानंतर सुरू होईल."

"उन्हाळा कवा लागतो?" तिनं नवऱ्याला विचारलं, आणि तो म्हणाला, "लागंल की. होळी झाली की लागलाच." ती जरा हसली. ती बोटांवर महिने मोजत नव्हती. आम्ही दोघं मोजत होतो.

मी उतारावरून खाली येताना ठरवलं की उद्या अर्ज द्यायचा. दुसऱ्या दिवशी मी तो ड्रॉवरमधून बाहेर काढला. त्यावरची तारीख जुनी झाली होती. नवी तारीख घालून परत लिहावा लागणार होता. मी तो पुन्हा आत ठेवला. इतक्या लहान कारणानं. त्या अर्जाबद्दल मी आजवर कोणाशीही बोललो नाही, मशिनमनशी तर नाहीच.

संक्रांतीच्या पुढच्या आठवड्यात ती गेली. त्यानंतरच्या मंगळवारी ट्रस्टच्या केंद्रातून फोन आला की दुसरा वार रिकामा झाला आहे. तो मुलानं घेतला आणि सांगितलं की आता नको.

चौदाव्या दिवशी तो कामावर आला, डोकं भादरलेलं, टोपी घातलेली. बाइंडिंगमधल्या बायका त्याच्याजवळ जाऊन जरा थांबल्या आणि परत आपापल्या कामाला लागल्या. त्यानं नेहमीसारखी रिम फोडली, पण कड सोडून बघितली नाही. तासाभरानं हात पुसत तो माझ्यापाशी आला.

"साहेब, एक बोलायचं होतं."

"बोला ना."

"आता पगार पयल्यासारखा केला तरी चालंल."

मी मान हलवली. मग त्यानं विचारलं, आज मशिनवर कोणत्या पानांचा फॉर्म चढवायचा आहे. मी सांगितलं, आणि तो मशिनकडे गेला.

त्याचा पगार मी लगेच पूर्ववत केला. चार मिनिटं लागली.